वसंतसेनेला दिले ते त्याला का नाही?

आमच्या सोलापुरात चार बरी पुस्तके वाचणारा, हुतात्मा स्मृती मंदिरातल्या नाटकांना आवर्जून हजेरी लावणारा आणि चित्रपटाकडे केवळ घटकाभरच्या करमणुकीचे साधन म्हणून न पाहणारा जो एक सुविद्य वर्ग आहे, त्याच्या बोलण्यात एक मत वारंवार आणि अत्यंत निःशंकपणे प्रकट होत असते. आणि ते अडाण्यांच्या तोंडून न येता जाणत्यांच्या तोंडून येते, म्हणूनच त्याचा समाचार घेणे मला अगत्याचे वाटते. देहविक्रय करून जगणारा एखादा तरुण पुरुष प्रेमाच्या शोधात भटकतो, अशा कथानकाच्या चित्रपटाचा विषय निघाला की ही मंडळी क्षणभरही न थांबता निकाल देऊन मोकळी होतात. त्यांचे म्हणणे त्यांच्याच आवेशात सांगायचे तर ते असे: हा विषय आपला नव्हे, ती पाश्चात्त्यांची थेरे आहेत, बाईवर अशी पाळी येते हे समजू शकते, पण धडधाकट पुरुषावर कोण बळजबरी करणार, त्याची तर उलट मजाच, ज्याने स्वतःच्या शरीराचा भाव ठरवून घेतला त्याने वर प्रेमाची भाषा करावी हा निव्वळ ढोंगीपणा, आणि अशा इसमाला नायकाच्या आसनावर बसवणे म्हणजे विकृतीला प्रतिष्ठा देऊन तरुण पिढीची वाट लावणे.

या चार वाक्यांपैकी एकही वाक्य खरे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ती एकत्र उच्चारली जातात तेव्हा त्यांना एक प्रकारचे शहाणपणाचे तेज चढते, इतकेच. म्हणून त्यांची एकेक करून झडती घेतली पाहिजे.

ज्या चित्रपटाचे नाव घेऊन हा निकाल दिला जातो तो बहुधा ‘सोवाज’ असतो. कामिय विदाल-नाके या फ्रेंच दिग्दर्शकाचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. 2018 साली कान महोत्सवाच्या समीक्षक-सप्ताहात तो प्रथम दाखवला गेला आणि त्यात नायकाचे काम करणाऱ्या फेलिक्स मारितो या तरुण नटाचा तेथे उदयोन्मुख कलावंत म्हणून गौरव झाला. पॅरिसच्या सीमेवर ब्वा द बुलोन्य नावाचे जे विस्तीर्ण वनोद्यान आहे, तेथे देहविक्रय करणाऱ्या तरुणांमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेबरोबर या दिग्दर्शकाने तीन वर्षे काढली होती, आणि त्या सहवासातून हा चित्रपट उभा राहिला. नायक बाविशीतला आहे. त्याला घर नाही, कुटुंब नाही, भूतकाळ नाही. त्याचे नावसुद्धा कथानकात कोणी उच्चारत नाही, श्रेयनामावलीत तेवढे ‘लेओ’ असे वाचायला मिळते. तो रस्त्याच्या कडेला उभा राहतो, गिऱ्हाइकाच्या मोटारीत बसतो, मिळालेले पैसे नशेत उडवतो, तहान लागली तर रस्त्यावरचे वाहते पाणी ओंजळीने पितो, आणि आपल्याबरोबर उभ्या राहणाऱ्या आहद नावाच्या दुसऱ्या तरुणावर जीव टाकतो. आहदला ते प्रेम नको आहे. त्याला एखादा सधन वृद्ध गाठून या जगण्यातून बाहेर पडायचे आहे, आणि लेओलाही तो तोच व्यवहारी मार्ग सुचवतो. कथानक म्हणून सांगण्यासारखे यापलीकडे फारसे काही नाही. जे आहे ते त्या मुलाच्या चेहऱ्यावर आहे.

आता पहिला आक्षेप घ्या. हा विषय म्हणे आपला नव्हे. भारतीय संस्कृतीचा दाखला देऊन जे हे बोलतात त्यांनी निदान तो दाखला एकवार उघडून पाहावा अशी अपेक्षा केली तर ती अवास्तव ठरेल काय? वात्स्यायनाच्या कामसूत्रातील दुसऱ्या अधिकरणाचा नववा अध्याय ‘औपरिष्टक’ या नावाचा आहे, आणि त्यात तृतीया प्रकृतीचे जे दोन प्रकार वर्णिले आहेत त्यांतला दुसरा प्रकार पुरुषवेषात वावरणाऱ्यांचा आहे. ते आपली इच्छा लपवून ठेवतात आणि संवाहकाचे म्हणजे अंग रगडण्याचे काम करून उपजीविका चालवतात, असे तेथे नमूद आहे. मुंबईच्या चौपाटीवर तेलाच्या बाटल्या वाजवीत हिंडणाऱ्या मालिशवाल्यांपैकी काहींचा धंदा मालिशपुरता मर्यादित नसतो, ही गोष्ट त्या महानगरात राहिलेल्या कोणाही मराठी माणसाला ऐकून ठाऊक असते. मध्ये इतकी शतके लोटली, राजवटी बदलल्या, भाषा बदलल्या. संवाहकाच्या आडोशाला उभा असलेला तो तरुण मात्र तसाच उभा आहे. त्याला परदेशी ठरवण्यासाठी कोणत्या दप्तरातील कोणता कागद दाखवणार?

सरकारी दप्तराची साक्ष हवी असेल तर तीही आहे. 1956 साली संसदेने अनैतिक व्यापाराच्या दमनाचा जो कायदा केला त्याच्या नावातच स्त्रिया व मुली असा उल्लेख होता, आणि वेश्याव्यवसायाची त्यातली व्याख्या स्त्रीने मोबदल्यासाठी आपला देह देऊ करणे अशी होती. तीस वर्षे हा शिरस्ता चालला. 1986 साली कायद्यात दुरुस्ती झाली, नावातून स्त्रिया व मुली हे शब्द गेले, आणि व्याख्येत व्यक्तींचे व्यापारी हेतूने होणारे लैंगिक शोषण अशी शब्दयोजना आली. संसदेने ही दुरुस्ती फ्रान्समधील तरुणांसाठी केली असे तर कोणी म्हणणार नाही ना? या देशात असे पुरुष आहेत, त्यांचेही शोषण होते, आणि कायद्याने तीन दशके त्यांची दखल घेतली नव्हती, याची ती लेखी कबुली आहे. कायद्याला जे 1986 साली दिसले ते आमच्या विद्वज्जनांना अद्याप दिसत नाही.

आणि हे सारे दूर राहू द्या. आपल्या सीमाभागाकडे पाहा. सौंदत्तीच्या यल्लम्मेला वाहिलेल्या जोगतिणीविषयी आपण पुष्कळ लिहिले, परिषदा भरवल्या, कायदे केले. तिच्याबरोबरीने डोक्यावर देवीचा जग घेऊन, हातात चौंडके घेऊन, साडी नेसून दारोदार जोगवा मागणारा जो जोगता असतो, त्याच्याकडे आपण कधी पाहिले? मुलीच्या केसांत जट आली तर तिला देवीला सोडतात, तसाच शरीराला काही व्याधी जडली किंवा वागण्यात काही निराळेपण दिसले की मुलग्यालाही सोडतात. मग त्याने पुरुष म्हणून जगायचे नाही, संसार करायचा नाही, आणि गावातल्या मस्तवाल पुरुषांनी त्याच्या देहावर हक्क सांगितला तर तोंडातून शब्द काढायचा नाही. मुंबई इलाख्यात 1934 साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला, कर्नाटकात 1982 साली झाला. दोन्ही ठिकाणी देवदासी म्हणजे स्त्री. जोगता त्या व्याख्येत बसत नव्हता. हा मनुष्य परदेशातून आला होता काय? सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या गावागावांतून सौंदत्तीला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या बरोबरीनेच तो चालत होता.

त्याच्यावर मराठीत चित्रपट झाला, आणि तो उत्तम झाला. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांच्या आधारे राजीव पाटील यांनी दिग्दर्शित केलेला ‘जोगवा’ 2009 साली पडद्यावर आला. तायप्पाच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, अजय-अतुल यांना संगीताचे मिळाले, आणि सामाजिक प्रश्नावरील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणूनही तो त्या 56 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत निवडला गेला. प्रेक्षागृहांतून माणसे डोळे पुसत बाहेर पडली. साडीत कोंडलेला तायप्पा आणि जोगतीण केलेली सुली या दोघांनी एकमेकांवर प्रेम करावे, त्यासाठी देवीच्या नावाने घातलेले बंधन झुगारावे, हे मराठी प्रेक्षकाने मनापासून मान्य केले. ज्याच्या देहावर इतरांची मालकी आहे त्या तरुणालाही प्रेमाची तहान असू शकते आणि ती तहान न्याय्य असते, हे तत्त्व म्हणजे आपण 2009 सालीच स्वीकारलेले आहे.

मग ‘सोवाज’च्या वेळी काय बदलले? मला वाटते, आपल्या करुणेला एक अट होती आणि ती अट त्या वेळी आपल्याला स्वतःला कळली नव्हती. तायप्पा मुळात पुरुष आहे, त्याच्यावर साडी लादलेली आहे, आणि त्याचे प्रेम एका स्त्रीवर आहे. म्हणजे त्याला बंधनमुक्त केले की तो आपल्या ओळखीच्या संसारात येऊन बसतो. लेओ तसा येऊन बसत नाही. त्याचे प्रेम पुरुषावर आहे, त्याच्यावर कोणत्या देवीची सक्ती नाही, आणि त्याला सोडवून घरी आणावे तर घर नाही. तायप्पासाठी ओघळलेले अश्रू लेओसाठी आटतात ते दुःख कमी पडले म्हणून नव्हे. करुणा दुःखाकडे पाहून उत्पन्न होत असेल तर ती दोघांनाही मिळाली पाहिजे; आणि ती दुःखिताचे लिंग, त्याच्या प्रियपात्राचे लिंग आणि त्याच्या उद्धाराची सोय यांची चौकशी करून मगच उत्पन्न होत असेल तर तिला करुणा म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

देह विकणाऱ्याने प्रेमाची भाषा करू नये, हा तिसरा आक्षेप मी दुसऱ्याच्या आधी घेतो, कारण तो मराठी रसिकाच्या तोंडी सर्वांत कमी शोभतो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तली वसंतसेना कोण होती? उज्जयिनीची गणिका. तिचे चारुदत्तावरचे प्रेम खरे की खोटे, असा प्रश्न दीड सहस्रकाहून अधिक काळ कोणा रसिकाने विचारला नाही. उलट नाटकाच्या अखेरीस नव्या राजाने तिला वधूचा दर्जा बहाल केला तेव्हा सर्वांना कृतार्थ वाटले. गोविंद बल्लाळ देवलांनी तेच नाटक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संगीत रूपात मराठी रंगभूमीवर आणले, आणि पिढ्यानुपिढ्या आपल्या आजोबा-पणजोबांनी त्या गणिकेच्या प्रणयावर जीव ओवाळून टाकला. पुढे 1939 साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘माणूस’ काढला. व्ही. शांतारामांच्या त्या चित्रपटात वेश्यावस्तीतली मैना आणि तिच्यावर प्रेम करणारा शिपाई गणपत यांची कहाणी आहे. शांता हुबळीकर आणि शाहू मोडक यांनी ती अशी रंगवली की आजही जाणकार मराठी माणूस त्या चित्रपटाचे नाव अभिमानाने घेतो. चित्रपटाचे नाव काय ठेवले होते याकडेही लक्ष द्यावे. मैनेच्या हातून खून होतो, ती तुरुंगात जाते, गणपतने देऊ केलेली सुटका नाकारते. इतके होऊनही तिच्या प्रेमाला ढोंग म्हणण्याचे धाडस 1939 च्या प्रेक्षकाने केले नाही. ब्रिटिश अमदानीतला, सोवळेओवळे पाळणारा, अनेक बाबतींत आपल्यापेक्षा कितीतरी कर्मठ असा तो प्रेक्षक होता. त्याला जे समजले ते आज आपल्याला समजू नये?

की गणिकेचे प्रेम आपल्याला रुचते ते ती स्त्री आहे म्हणून? स्त्री ही मुळातच प्रेमासाठी जन्मलेली आणि पुरुष हा ते स्वीकारण्यासाठी, अशी काही धारणा आपल्या रसिकतेच्या तळाशी दडून बसली आहे? तसे असेल तर ती धारणा स्त्रीचाही अपमान करणारी आहे आणि पुरुषाचाही. दाराशी उभा राहून, नाकारला जाईल हे जाणून, पुन्हा पुन्हा प्रेम मागणारा पुरुष पाहिला की आपण अस्वस्थ होतो, आणि ती अस्वस्थता नीतीच्या नावावर खपवतो.

आता तो लाडका आक्षेप: पुरुषावर कोण बळजबरी करणार, धडधाकट गडी आहे, हमाली करून खावे. सोलापूरच्या माणसाने हे वाक्य उच्चारावे याचे मला विशेष दुःख होते. ज्या शहराच्या भोंग्यांवर लोक घड्याळे लावीत, त्या शहरात जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू अशा गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि हजारो धडधाकट माणसे हातात कसब असून रिकामी बसली. त्यांतल्या कोणी पुण्याची वाट धरली, कोणी मुंबईची. कोणी यंत्रमागावर बारा-बारा तास उभे राहिले. धडधाकट असणे आणि काम मिळणे यांत किती अंतर असते हे ज्या गावाने आपल्या डोळ्यांनी पाहिले, त्याने तरी पोटासाठी घराबाहेर पडलेल्या विशीतल्या मुलाला परक्या शहरात कोण गाठू शकतो याची कल्पना करून पाहावी. अजय बहल यांचा ‘बी. ए. पास’ हा हिंदी चित्रपट मोहन सिक्का यांच्या कथेवरून निघाला आणि 2013 साली प्रदर्शित झाला. त्यातला मुकेश आईबापाविना पोरका झालेला, आत्याच्या घरी दिल्लीत उपऱ्यासारखा राहणारा, दोन धाकट्या बहिणींची जबाबदारी डोक्यावर असलेला महाविद्यालयीन मुलगा आहे. एक प्रौढ स्त्री त्याला प्रथम स्वतःसाठी वापरते, मग इतर स्त्रियांकडे पाठवते, आणि हात काढून घेतल्यावर तो रस्त्यावर पुरुषांसाठी उभा राहतो. ही मजा आहे असे तो चित्रपट शेवटपर्यंत पाहिलेल्या कोणाला म्हणता येईल?

बळजबरीचेच म्हणाल तर कायद्याची अवस्था पाहा. मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत 2012 चा बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायदा त्याला मुलीइतकाच पीडित मानतो. अठरा पूर्ण झाल्यावर काय? बलात्काराच्या व्याख्येत पीडित ही स्त्रीच. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, आणि विनासंमतीचे कृत्य त्या कलमाखाली गुन्हाच राहिले. परंतु 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्या कलमाला समांतर असे कलमच ठेवलेले नाही. परिणामी प्रौढ पुरुषावर अशी बळजबरी झाली तर ठाण्यात फिर्याद नोंदवताना मारहाण, दुखापत, कोंडून ठेवणे अशा आडवळणाच्या कलमांचा आधार शोधावा लागतो. 2018 पूर्वी तर स्थिती याहून वाईट होती: तक्रार द्यायला गेलेल्या पुरुषालाच 377 खाली आरोपी करण्याची धमकी देता येत होती. ज्याला फिर्यादीचाच हक्क नाही त्याच्यावर बळजबरी होतच नाही, हा निष्कर्ष काढणाऱ्यांना मी इतकेच विचारतो, की दप्तरात नोंद नसलेली व्यथा ही व्यथा नसते, असा आपला सिद्धान्त आहे काय?

येथवर आलेल्या प्रतिपक्षाच्या हाती एक शस्त्र उरते, आणि ते मला ठाऊक आहे. लेओवर तर कोणी सक्ती केलेली नाही, आणि त्याला सुटकेची संधी मिळाली तेव्हा तो स्वतःच पळून गेला, हे काय प्रेमाच्या शोधाचे लक्षण? हा प्रश्न गंभीर आहे, आणि चित्रपटाचे सगळे सामर्थ्य त्याच्या उत्तरात आहे. क्लोद नावाचा एक प्रौढ, सज्जन गृहस्थ लेओला घरी आणतो, त्याची शुश्रूषा करतो, त्याला बरोबर घेऊन कॅनडाला जायचे ठरवतो. विमानतळापर्यंत सर्व सुरळीत होते. तेथून हा मुलगा पळतो, आणि अखेरीस अरण्यात जमिनीवर अंगाचे मुटकुळे करून झोपी जातो. समाजसुधारणेची आच असलेल्या प्रेक्षकाला येथे चीड येते. त्याला वाटते, दिग्दर्शकाने उद्धाराची दारे हेतुपुरस्सर लावून घेतली.

पण त्याआधी जे घडले ते आठवा. दवाखान्यात एक डॉक्टर त्याला तपासते, छातीला नळी लावण्यासाठी जवळ येते, आणि तो तिला मिठी मारून तसाच राहतो. कारण त्या देहाला पैशाच्या बोलीशिवाय झालेला तो स्पर्श आहे. व्यसन सोडावेसे वाटत नाही का या तिच्या प्रश्नावर तो उलट विचारतो, कशासाठी? त्या प्रश्नात उद्धटपणा नाही, खरेखुरे कुतूहल आहे. एका वृद्ध विधुराकडे तो जातो, आणि ज्या कामाचे पैसे ठरले होते ते बाजूला ठेवून त्या एकाकी म्हाताऱ्याला रात्रभर कुशीत घेऊन पडून राहतो. त्याचे सोबती गिऱ्हाइकाचे चुंबन घेत नाहीत, हा त्यांचा नियम आहे. हा घेतो, आणि त्यासाठी त्यांची टवाळी सोसतो. म्हणजे प्रेम मागणारा हा मुलगा दिवसभर प्रेम वाटतच हिंडत असतो. क्लोद त्याला निवारा देतो, औषध देतो, सुरक्षितता देतो, आणि त्याच्या चांगुलपणाविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु ज्या माणसावर लेओचे प्रेम नाही त्याच्याबरोबर सुखाने राहणे हा त्याच्या दृष्टीने आणखी एक व्यवहारच आहे, फक्त दर चांगला आणि मुदत मोठी. आहदने तो व्यवहार स्वीकारला. लेओ नाकारतो. आयुष्यभर स्वतःला विकत आलेल्या मुलाने एकदाच, जेथे सर्वांत अधिक किंमत मिळत होती तेथे, विकायचे नाकारले. याला प्रेमनिष्ठा म्हणायचे नाही तर कशाला? धनवानाचा हात अव्हेरून प्रियकराची वाट पाहणाऱ्या नायिकांना आपण पतिव्रतांच्या पंक्तीत बसवतो. शकाराचे सुवर्ण झिडकारणाऱ्या वसंतसेनेचे मोठेपण याहून निराळे कोणते होते?

शेवट मलाही सहन होत नाही. त्या थंडीत, त्या खोकल्यासह, हा मुलगा फार दिवस जगणार नाही हे दिसत असते. म्हणून त्याने केले ते हिताचे केले असे मी म्हणत नाही. प्रेमाच्या कथेतील माणसे हिताचे करतात, हा नियम मात्र मजनूपासून देवदासापर्यंत आपण कोणालाही लावलेला नाही. तो याच एका मुलाला का लावावा?

तरुण पिढी बिघडण्याच्या भीतीला मी फार जागा देणार नाही. ज्या चित्रपटात देहविक्रयाचा प्रत्येक प्रसंग थकवा, मार, फसवणूक आणि आजार यांनी भरलेला आहे, तो पाहून कोणाला त्या धंद्याची ओढ लागेल अशी कल्पना करण्यासाठी चित्रपट न पाहिलेला असणे आवश्यक आहे. उलट मौनाची किंमत आपण मोजलेली आहे. आपल्या तरटी नाक्यावरच्या स्त्रियांपर्यंत एड्सच्या साथीच्या निमित्ताने का होईना कार्यकर्ते पोचले, त्यांच्या संघटना उभ्या राहिल्या, 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्यांशी पोलिसांनी सन्मानाने वागावे असे निर्देश दिले. त्याच शहरातल्या बसस्थानकाच्या, महामार्गावरच्या, रात्रीच्या अंधारातल्या पुरुषांची मात्र कोणती वस्ती नाही, कोणता नाका नाही, आणि ते कोणाच्या बोलण्यातही नाहीत. सरकारी आरोग्य कार्यक्रमातसुद्धा त्यांचा निराळा वर्ग नाही. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष या व्यापक सदरात त्यांना सामावून घेतले जाते.

सोलापूरला मी या वादात पुन्हा पुन्हा ओढतो, त्याला कारण आहे. 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, आणि पुढे त्यांच्यासाठी ज्या वसाहती इंग्रज सरकारने उभ्या केल्या त्यांतली एक मोठी वसाहत याच शहरात होती. तारेच्या कुंपणाआड माणसे ठेवली जात, हजेरी घेतली जाई, गिरण्यांत कामाला नेले जाई, आणि कुंपणाबाहेरचा सुशिक्षित समाज त्यांच्याविषयी निःशंकपणे बोलत असे: यांचे रक्तच तसले, यांना भावना कसल्या. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला. सेटलमेंट हे नाव शहरात राहिले. ज्या जमातींवर तो शिक्का होता त्यांत कैकाडी होते, आणि याच जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’मध्ये एका कैकाडी मुलाचे प्रेम पडद्यावर आणले. डुकरे धरणाऱ्या घरातला जब्या वर्गातल्या शालूवर जीव लावतो, तिला वश करण्यासाठी काळी चिमणी शोधत रानोमाळ फिरतो. आणि तो चित्रपट पाहून आपल्या जिल्ह्याची मान ताठ झाली. पोटाला नाही त्याला प्रेम कशाला सुचते, असे आपण जब्याला विचारले नाही. विचारले असते तर तो प्रश्न किती नीच ठरला असता हे आपण जाणतो. तोच प्रश्न लेओला विचारताना आपली जीभ अडखळत नाही.

देह विकल्याने माणसाचे प्रेम विकले जात नाही. ते स्त्रीच्या बाबतीत आपण शूद्रकापासून मानत आलो, जोगत्याच्या बाबतीत 2009 साली मानले, कुंपणाआडच्या जातीच्या मुलाबाबत मानले. पुरुषावर प्रेम करणाऱ्या, रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या तरुणाच्या बाबतीत ते नाकारायला आपल्यापाशी एकही कारण नाही. जे आहे ते कारण नव्हे, किळस आहे. आणि किळस हा युक्तिवाद म्हणून कोणत्याही न्यायासनापुढे दाखल करून घेतला जात नाही.

सोलापुरात चित्रपट दाखवणाऱ्या आणि त्यांवर चर्चा घडवून आणणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे, की त्यांनी चार संध्याकाळी लागोपाठ चार चित्रपट दाखवावेत: पहिल्या दिवशी ‘माणूस’, दुसऱ्या दिवशी ‘जोगवा’, तिसऱ्या दिवशी ‘फँड्री’, आणि चौथ्या दिवशी, रीतसर परवानगी घेऊन, प्रौढ प्रेक्षकांपुरता, ‘सोवाज’. ज्यांनी या विषयाविरुद्ध निकाल दिलेला आहे त्यांना अगत्यपूर्वक बोलवावे, चारही चित्रपट अखेरपर्यंत पाहण्याची गळ घालावी, आणि नंतर त्यांना जे म्हणायचे असेल ते जाहीरपणे म्हणू द्यावे. त्यांच्या प्रत्येक शब्दाला उत्तर देण्यास मी बांधलेला आहे.